भिंतीतले पावणेदोन फूट

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वैभवीने टेप दुसऱ्यांदा ताणला आणि आकडा तोच आला. घराची लांबी बाहेरून बेचाळीस फूट. आतल्या तीन खोल्या, मधल्या दोन भिंती आणि दोन्ही टोकांच्या भिंती यांची बेरीज चाळीस फूट तीन इंच. मधले पावणेदोन फूट कुठे गेले ते कळत नव्हतं.

टेपचं दुसरं टोक तिच्या वडिलांच्या, शालिग्रामच्या, हातात होतं.

"टेप ढिला पडला असन," तो म्हणाला.

"दोनदा? आन दोन्ही वेळा सारखाच?"

"मंग तुह्यं गणित चुकलं असन."

"बाबा, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाले आहे. बेरीज येते मले."

अमरावतीच्या कॉलेजने तिला जुन्या इमारतीचं मोजमाप करून नकाशा काढायला सांगितलं होतं, सोबत अर्धं पान इतिहास. बाकीच्यांनी देवळं आणि बारवा निवडल्या. वैभवीने कामरगावापासून दोन किलोमीटरवरचं, आपल्या वावरातलं घर निवडलं. गावात त्याला दगडी कोठा म्हणत. नावाने कोठा, पण गुरं त्यात कधी बांधली गेली नव्हती. शालिग्राम त्याच घरात जन्मला. तो शाळेत जायला लागला तेव्हा कुटुंब गावात राहायला गेलं, आणि कोठ्यात तुरीची पोती, फवारणीचे पंप आणि ठिबकच्या नळ्या आल्या.

बांधकाम साधं होतं, पण कच्चं नव्हतं. काळ्या दगडाचे घडीव चिरे, जवळच्याच खदानीतले. सांध्यांत चुना. तो चुना मळायची गोल दगडी घाणी अंगणात अजून होती, तिच्या चाकावर आता वैभवीची आई गोजराबाई मिरच्या वाळवी. वर सागाच्या तुळया, पूर्वी त्यांवर मातीचं धाबं होतं, आता टिनपत्रे. दार उगवतीला. तिथली भिंत दाराच्या चौकटीत सरळ मोजता येई, सव्वादोन फूट. मावळतीच्या टोकाला दार नव्हतं, खिडकी नव्हती, साधं झरोक्याएवढं भोकही नव्हतं. ती भिंतही सव्वादोन फुटांची असणार असं वैभवीने धरलं होतं.

"म्हणजे ती भित चार फुटाची आहे," ती वहीत लिहीत म्हणाली. "नाही तर एकामागं एक दोन भिती आहेत, आन मधात काहीतरी आहे."

बाहेर हातोडीचा आवाज थांबला.

शालिग्रामने ते टिपलं. गेल्या पावसाळ्यात कोठ्याच्या दक्षिण-मावळतीच्या कोपऱ्याचे वरचे चिरे सुटले होते. आठ दिवसांपासून धनसिंग मिस्त्री ते बसवत होता. आठ दिवसांत त्याची हातोडी चहाला थांबे, जेवायला थांबे. आत्ता चहाही नव्हता आणि जेवणही नव्हतं.

"बळद असन थे," शालिग्राम मोठ्याने म्हणाला, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पह्यले भितीत धान्य ठेवत."

"बळदाले वरतून तोंड लागते बाबा, धान्य टाकाले. आन खालतून भोक, काढाले. इथं काहीच नाही."

बाहेर हातोडी पुन्हा सुरू झाली.

दुपारी लेक गावात गेल्यावर शालिग्राम एकटा मावळतीच्या खोलीत आला. घरातल्या सगळ्या भिंती उघड्या दगडाच्या होत्या. ही एकच भिंत आतून मातीने लिंपलेली आणि वर चुना दिलेली. लहानपणापासून ती तशीच होती, म्हणून त्याला कधी वेगळी वाटली नव्हती. त्याने तुरीची पोती एकेक बाजूला केली. तिसऱ्या पोत्यामागे, कंबरेच्या उंचीवर, तळहाताएवढा लिंपणाचा भाग खरवडलेला होता. खाली जमिनीवर माती पडलेली. माती ताजी होती.

धनसिंगला बाहेरच्या कोपऱ्याचं काम दिलेलं होतं. आत त्याचं काही काम नव्हतं.

शालिग्राम पोत्यावर बसला आणि मागचं एकेक आठवू लागला. काम मागायला धनसिंग स्वतः आला होता. ऊसतोडीवरून तांड्यावर परतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. 'कोपरा पडला म्हने तुमचा,' म्हणाला होता. हे त्याला तिकडे, तीनशे किलोमीटरवर, कोणी सांगितलं? मजुरीवरून घासाघीस केली नाही. रोज सगळ्यांच्या आधी आला. दगडाचं काम येणारा माणूस आता चार गावांत दुसरा नव्हता, म्हणून शालिग्राम खूश झाला होता. आता ती खुशी त्याला बावळटपणाची वाटली. जुन्या घराच्या भिंतीत कोणी काय शोधतं हे या भागात पोरालाही ठाऊक असतं. गुप्तधनासाठी लोकांनी देवळांचे चौथरे खणले, समाध्या उकरल्या.

चार वाजता त्याने कामरगावच्या दुकानातून नवं कुलूप आणलं आणि जुनं काढून ते लावलं.

सोमवारी सात वाजता धनसिंग आला तेव्हा शालिग्राम दारातच बसलेला होता. धनसिंगचं वय पंचावन्नच्या पुढे, अंग काटक, डोक्याला पांढरा रुमाल. त्याने आधी कुलपाकडे पाहिलं, मग शालिग्रामकडे.

"नवं आनलं काय जी?"

"हो."

"चांगलं हाय. तुरीले आता चोर फार झाले."

"तुरीले नाही आनलं."

धनसिंग हसला. हत्यारांची पिशवी त्याने खाली ठेवली आणि घाणीच्या कडेवर बसला. "मंग माह्यासाठी आनलं. आठ दिवस लेट आनलं, शालिग्रामभाऊ. मले घ्याचं असतं तर कवाच घेऊन गेलो असतो."

"भित काहून खरडली तू?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"घाव."

शालिग्रामला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. धनसिंग उठला, कोठ्याच्या दर्शनी भिंतीपाशी गेला आणि एका चिऱ्यावर त्याने तळहात ठेवला. "या इकडं. पाहा. टाकीचे घाव कोन्या बाजूनं उतरले?"

दगडावर बारीक रेघा होत्या, हजारो. शालिग्रामने साठ वर्षांत त्या हजारदा पाहिल्या होत्या आणि एकदाही नीट पाहिल्या नव्हत्या. त्या डावीकडून उजवीकडे उतरत होत्या.

"आता हा पाहा. काल मी घडवलेला." धनसिंगने कोपऱ्यातला नवा चिरा दाखवला. त्यावरच्या रेघा उजवीकडून डावीकडे उतरत होत्या. "मी उज्या हातानं हातोडी मारतो. सारे मिस्त्री तसेच मारते. हे घर घडवनारा डावरा होता. तुमच्या या घराचा एकेक चिरा डावऱ्या हाताचा हाय. चौकटीवरचे आकडेबी."

दाराच्या चौकटीवर दगडात 'शके १८५९' कोरलेलं होतं. म्हणजे सन सदतीस-अडतीस.

"तुह्या आज्यानं बांधलं, हे मले माहीत हाय," शालिग्राम म्हणाला. "भाऊसिंगनं. त्यात नवीन काय?"

"नवीन हे, का ज्या भितीले तुमी चुना मारता, तिचे घाव उज्या हाताचे हाय. आन सांध्यात चुना नाही, गारा हाय. नुसती माती. तेवढी एक भित माह्या आज्यानं नाही बांधली."

भाऊसिंगची गोष्ट त्याच्या घरात ठरलेल्या चार वाक्यांत सांगितली जाई. कालच संध्याकाळी त्याने ती वैभवीला तिच्या अर्ध्या पानासाठी सांगितली होती. शालिग्रामचा आजा उकंडराव याने घर बांधायला घेतलं. तांड्यावरचा भाऊसिंग मिस्त्री कामावर होता. काम पुरं व्हायच्या आधीच तो एके दिवशी आपली हत्यारं घेऊन निघून गेला. राहिलेलं काम उकंडरावने दुसऱ्या मिस्त्र्याकडून करून घेतलं. वैभवीने विचारलं होतं, दुसरा मिस्त्री कोण? शालिग्रामला ते माहीत नव्हतं.

"मंग बरोबरच हाय," तो आता म्हणाला. "तुहा आजा काम सोडून गेला. उरलेली भित दुसऱ्यानं बांधली. तो उज्या हाताचा होता."

"असू शकते," धनसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि शालिग्रामला तेच जास्त खटकलं. "तुमच्याकडली गोठ तशी हाय. आमच्याकडली आयकता? तो पौष महिन्यात सकाळी भाकर बांधून या घरावर आला. आला तो आला, घरी वापस गेलाच नाही. माह्या बापाले पाच वर्षं होते तवा. आजी तिसऱ्या दिवशी इथं इचाराले आली. उकंडराव पाटील याच दारात उभे होते. म्हनले, हत्यारं घेऊन गेला, आमाले सांगूनबी नाही गेला."

"मंग?"

"मंग काही नाही. माही आजी, रामीबाई, चौऱ्याहत्तर साली मेली. हातात चुडा होता तिच्या. मेलेला कोनी पाह्यला नाही, म्हनून कोनी उतरवू देला नाही. सदतीस वर्षं तिनं ना नवरा पाह्यला, ना त्याची माती. माह्या बापानं त्याच्या नावानं पानी नाही सोडलं. मीबी नाही. जिता असन तर पाप लागते."

"आन तुले वाटते," शालिग्राम सावकाश म्हणाला, "का तो इथं हाय."

"मले काहीच वाटत नाही. मले माहीत करून घ्याचं हाय."

"माह्या आज्याचं नाव हाय या गावात, धनसिंग."

"माह्या आज्याचंबी होतं. पळून गेला म्हनते त्याले."

हे खरं होतं. उकंडरावाचा शब्द गावात शेवटचा मानला जाई. बांधाच्या भांडणात म्हातारी माणसं आजही म्हणत, उकंडराव असते तर एका वाक्यात मिटलं असतं. शालिग्रामला कामरगावच्या बाजारात पहिल्यांदा कोणी भेटलं की आधी आज्याचं नाव सांगायची सवय होती, मग बापाचं, मग स्वतःचं. भिंत उघडली आणि काहीच निघालं नाही, तरी गावभर होईल की उकंडरावाच्या नातवाने आज्यावर संशय घेऊन भिंत फोडली. आणि काही निघालंच तर काय, हा विचार त्याने तिथेच थांबवला.

"भितीले हात लावाचा नाही," तो म्हणाला. "कोपरा पुरा कर आन मोकळा हो."

"कोपरा आज होते," धनसिंग म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलली.

मंगळवारी दुपारी गोजराबाई कुंभाराकडून घागरी घेऊन आली. बुधवारी अखजी होती, अक्षय तृतीया. या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने नवी घागर पाण्याने भरतात, वर खरबूज नाही तर आंबा ठेवतात, आणि नाव घेऊन पूजा करतात. नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही असं मानतात.

गोजराबाईने घागरी ओसरीत मांडल्या. शालिग्राम पेपर वाचत होता. त्याने सहज पाहिलं आणि मग पेपर खाली ठेवला.

"चार काहून आनल्या?"

"दरसाली चारच आनतो."

"आज्याची एक, बाबाची एक, काकाची एक. तीन झाल्या."

"आन कोठ्यावरची एक."

हे त्याला माहीत होतं. बत्तीस वर्षं त्याची बायको अखजीला एक घागर डोक्यावर घेऊन वावरात जाते हे तो पाहत आला होता. कोठ्याच्या वास्तूची, विहिरीची, क्षेत्रपाळाची, कशाची तरी असेल असं त्याने धरलेलं होतं. विचारलं नव्हतं.

"कोनाच्या नावाची व्हय थे?"

"आज पुसून राह्यले?" गोजराबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "लग्न होऊन बत्तीस वर्षं झाले. चपला कुठं काढल्या तेवढं पुसता रोज."

"गोजरा, सिधं सांग."

"मले कोनी नाव नाही सांगतलं. तुमच्या मायनं पह्यल्या साली संग नेलं. मावळतीच्या भितीले घागर ठेवाची, हात जोडाचे, नाव घ्याचं नाही, मागं न पाहता याचं. मी म्हनलं, कोनाची? थे म्हने, माह्या सासूलेबी माहीत नव्हतं. तिले मामंजींनी सांगतलं होतं." ती थांबली. "त्या भितीले खिळा नाही ठोकाचा, हेबी तवाच सांगतलं. म्हनून तर तिकडं कॅलेंडर नाही आपल्या कोठ्यात."

मामंजी म्हणजे उकंडराव.

शालिग्रामला एक अखजी आठवली. तो सात-आठ वर्षांचा असेल. आज्याने स्वतः घागर उचलली होती, बायांच्या हातात दिली नव्हती. आत ठेवून तो बाहेर आला आणि घराकडे पाठ करून घाणीवर बसला. बराच वेळ. शालिग्रामने विचारलं होतं, आजा, कोनाले पानी देलं? आज्याने उत्तर दिलं नाही. त्याला उत्तर न देण्याची आज्याची ती एकच वेळ होती, म्हणून ती लक्षात राहिली असावी.

जिवंत माणसाच्या नावाने कोणी घागर भरत नाही.

हे वाक्य डोक्यात आल्यावर त्याला रविवारपासूनचं सगळं उलटं दिसू लागलं. धनसिंगवर ठेवलेली नजर आता कुठे ठेवावी ते कळेना. दुसरी शक्यता त्याने शोधून पाहिली. आज्याचं एखादं मूल दगावलं असेल. एखादा मजूर विहिरीत पडला असेल. असेल. पण मुलाचं नाव घेता येतं, मजुराचंही घेता येतं.

"उद्या ती घागर नेऊ नको," तो म्हणाला.

"काहून?"

"नेऊ नको म्हनलं ना."

गोजराबाईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "तीन पिढ्यांचं पानी तोडाले सांगता, आन कारन नाही सांगत," ती म्हणाली आणि घागरीला हळद लावायला बसली.

बुधवारी सकाळी साडेसात वाजता शालिग्राम कोठ्यात होता. कुलूप उघडं, दार आतून लोटलेलं. पोती बाजूला होती. त्याने घमेल्यात माती कालवली होती, तिच्यात भुसा घातला होता, आणि खरवडलेला तळहाताएवढा भाग तो हाताने लिंपून बंद करत होता. कोपऱ्याचं काम सोमवारीच संपलं होतं. माती वाळली की वर चुन्याचा हात द्यायचा. पुन्हा कोणी विचारलं तर भिंत चार फुटांची आहे, जुनी माणसं जाड भिंती बांधत, एवढं सांगायचं. वैभवीच्या नकाशावर तेच जाईल.

पावणेआठला दार उघडलं. आधी वैभवी आत आली, तिच्यामागे गोजराबाई, रिकाम्या हाताने. तिच्यामागे धनसिंग. घागर त्याच्या खांद्यावर होती.

"सामान न्याले येऊन राह्यलो होतो," धनसिंग म्हणाला. "वाटेत वहिनी भेटल्या. भरली घागर घेऊन चालत होत्या. म्हनलं द्या इकडं." मग त्याला शालिग्रामचा हात दिसला. कोपरापर्यंत माती, आणि भिंतीवर ओला डाग. "कुठं ठेवू, वहिनी?"

गोजराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तिने वाट पाहिली.

"त्या भितीले," ती म्हणाली.

धनसिंगने घागर भिंतीशी टेकवून ठेवली, खाली चुंबळ नीट केली, आणि उभा राहिला. "कोनाची व्हय?"

"नाव नाही तिले."

"कवापासून?"

"माह्या सासूच्या सासूपासून."

धनसिंगने रुमाल डोक्यावरून काढला आणि हातात धरला. बाहेर मोटार पंप चालू होता, त्याचाच आवाज येत होता.

"घरदेवाची..." शालिग्रामने सुरुवात केली.

"बाबा," वैभवी म्हणाली. "घरदेव उगवतीच्या खोलीत आहे."

शालिग्रामने हातातली माती घमेल्यात झटकली. हात धुवायला पाणी नव्हतं, फक्त घागर होती. त्याने हात धोतराला पुसले.

"एक चिरा," तो म्हणाला. "एकच. वैभवी फोटो काढंन. काढायच्या आधी, काढताना, काढल्यावर."

"चिरा मी काढतो," धनसिंग म्हणाला. "पन मंधात हात मी नाही घालनार. तुमी घाला. उद्या म्हनान, धनसिंगनंच आतमंदी काई टाकलं."

"तुह्यावर एवढा इस्वास नाही काय माहा?"

"कुलूप कोनं बदललं, भाऊ?"

गोजराबाईला हसू आलं आणि तिने ते पदराखाली दाबलं.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी चिरा निघाला. गारा असल्यामुळे वेळ लागला नाही. धनसिंगने चारही बाजूंची माती सळईने उकरली आणि दोघांनी मिळून दगड पोत्यावर उतरवला. तो नऊ इंच जाड होता. वैभवीने त्यावर खडूने एक आकडा लिहिला. मागे भराव नव्हता. मागे अंधार होता, आणि त्यातून थंड, कोंदट वारा आला, तुरीच्या कोठारात येतो तसाच. दुसरा कसलाही वास नव्हता.

शालिग्रामने हात घातला. खांद्यापर्यंत गेल्यावर बोटांना पलीकडचा दगड लागला. तो गुळगुळीत होता, घडवलेला. त्याने बोटं फिरवली. रेघा लागल्या.

"कोन्या बाजूनं उतरते?" धनसिंगने विचारलं.

शालिग्रामने डोळे मिटले आणि पुन्हा बोटं फिरवली. "डावीकून उजीकडं."

वैभवीने फोन आत धरून पंधरा फोटो काढले. अकरा हलले होते. उरलेल्या चारांत पलीकडची भिंत दिसत होती: घरातल्या इतर भिंतींसारखी, चुन्याच्या सांध्यांची. तिच्यात एक देवळी होती, दिवा ठेवायचा कोनाडा. देवळीच्या वरचा दगड काजळीने काळा होता.

"इथं दिवा लागत होता," वैभवी फोटो मोठा करत म्हणाली. "म्हणजे आधी हीच खोलीची भिंत होती. ती पुरी झाली, कोणी तरी इथं राहिलं, दिवे लावले. अलीकडची भिंत नंतर आली. उरलेलं काम म्हणून नाही आली, बाबा. काही उरलंच नव्हतं."

"मिस्त्री लोक कामावर झोपत," शालिग्राम म्हणाला. "त्याईचाच दिवा असन."

"असू शकते," धनसिंग म्हणाला. दुसऱ्यांदा.

मग वैभवीने चौथा फोटो मोठा केला. देवळीत, डाव्या कडेला, एक वस्तू होती. मुठीएवढी, वर जाड, खाली निमुळती. धूळ होती, पण एका बाजूने पितळ चमकत होतं. दोरी दिसत नव्हती, कुजून गेली असावी.

धनसिंगने फोन हातात घेतला नाही. वैभवीच्या हातातच पाहिलं.

"ओळंबा," तो म्हणाला. भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायचं मिस्त्र्याचं वजन. "हातोडी टाकून जाईन मिस्त्री. टाकी टाकून जाईन. ओळंबा टाकून नाही जात."

"इसरला असन," शालिग्राम म्हणाला.

"इसरला असन. आन ज्यानं ही भित बांधली, त्यालेबी दिसला नसन. ओळंब्याबिना बांधली असन त्यानं." त्याने लिंपलेल्या भिंतीवरून नजर वरून खाली उतरवली. "तशी हाय बी थोडी वाकडी."

शालिग्रामने फोटोत खाली काय आहे ते पाहायचा प्रयत्न केला. फोनचा उजेड कंबरेच्या खाली पोचला नव्हता. धनसिंगने सहा फुटी बारीक सळई वाकवून भोकातून खाली सोडली. दोन फुटांवर, जमिनीच्या फूटभर वरच, ती कशाला तरी टेकली. दगडाला टेकल्यावर सळई वाजते. ही वाजली नाही. त्याने पुन्हा टेकवली नाही, सळई बाहेर काढली आणि टोक पाहिलं. टोकाला माती होती.

"दुसरा चिरा?" त्याने विचारलं.

शालिग्रामला त्या क्षणी दोन्ही गोष्टी हव्या होत्या: चिरा परत बसवावा, आणि भिंत पुरी पाडावी. तो घागरीकडे पाहत होता. तीन पिढ्या बायांनी पाणी आणलं आणि नाव विचारलं नाही. ज्याला माहीत होतं त्याने दारात उभं राहून सांगितलं होतं, हत्यारं घेऊन गेला.

"नाही," तो म्हणाला. "पोलीस पाटलाले बलावतो. आपन दोघंच असलो तर ना तुमचा तांडा मले मानन, ना माहा गाव तुले."

धनसिंगने विचार केला. "बराबर हाय," तो म्हणाला. "पन तवर तुमच्या कुलपावर भरोसा नाही माहा."

गोजराबाई घागरीपुढे वाकली. तिने आंबा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि पदर सावरून धनसिंगकडे वळली. "भाऊ, नाव घेऊ काय आज?"

"नका घेऊ, वहिनी," धनसिंग म्हणाला. "पक्कं झाल्यावर घेऊ."

पोलीस पाटील साडेदहाला आला. त्याने भोक पाहिलं, फोटो पाहिले, आत हात घातला नाही. ठाण्यात फोन लावून दिला आणि सांगितलं की गुरुवारी सकाळी दहा वाजता साहेब येतील, पंचनामा होईल, तोपर्यंत कोणी काही हलवायचं नाही. चिरा पोत्यावर तसाच ठेवला गेला, खडूचा आकडा वर. दाराला शालिग्रामचं नवं कुलूप लागलं. त्याच कडीत धनसिंगने तांड्यावरून आणलेलं दुसरं कुलूप अडकवलं. त्या दुपारी वैभवीने अर्ध्या पानातलं एक वाक्य खोडलं: 'भाऊसिंग हत्यारं घेऊन निघून गेला.' त्याजागी काय लिहायचं हे तिने वडिलांना विचारलं. शालिग्राम म्हणाला, जागा सोड.

गुरुवारी सकाळी नऊपासून दोघे कोठ्याच्या अंगणात होते, शालिग्राम दारात आणि धनसिंग घाणीवर. दोघांच्याही खिशात एकेक चावी होती. अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंत पोलिसांची गाडी आलेली नव्हती.